पाखरांची फांदी

यंदा वैशाखात माझा भाऊ आला, पण पोतं आणलं नाही. कागद आणला.

दरवर्षी अक्षय तृतीयेच्या मागंपुढं बबन डिंभ्याला माझ्या दारात येतो. खांद्यावर बाळहिरड्याचं पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. ओट्यावर धपकन टाकतो, तांब्याभर पाणी पितो आणि म्हणतो, "आक्का, तुझ्या झाडाचं." माझं लग्न झाल्यापासून यात खंड नाही. यंदा मात्र हातात प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत संमतीपत्र, आणि पेनसुद्धा स्वतःचंच आणलेलं, म्हणजे माझ्या घरात पेन शोधण्यात वेळ जायला नको. वरच्या रानात पोकलेन लावायचाय म्हणे. उतार सपाट करायचा, तंबू ठोकायचे, पावसाळ्यात नाणेघाट बघायला येणाऱ्या पब्लिकला भाड्यानं द्यायचे. सातबाऱ्यावर बापाच्या मागं आम्हा दोघांची नावं आहेत, म्हणून माझी सही हवी.

"पोतं कुठंय?" मी विचारलं.

"यंदा हिरडा न्हाई, आक्का. माघात पाऊस झाला. मव्हर गळाला समदा."

"कागद बरा गळाला नाही."

मी भांडखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवलं, तेव्हा पोरं मला घाबरायची आणि तपासणीला येणारे साहेबही. निवृत्त झाल्यापासून भांडायला माणूस मिळत नाही, एवढीच माझी तक्रार. म्हटलं, "ठेव कागद इथं. मी आधी माझं झाड बघणार, मग सहीचं बघू." यावर बबननं मान खाली घातली आणि म्हणाला, "झाडात काय बघायचंय?" तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण शहाणपण असं वेळेवर येत असतं तर आणखी काय हवं होतं.

आमच्या घरात एक रीत आहे. मुलगी झाली की हिरड्याचं एक झाड तिच्या नावानं सोडायचं. जमीन पोरांची, पण त्या झाडाचं फळ पोरीचं. लग्न होऊन गेली तरी तिचंच. भावानं ते उतरवायचं, वाळवायचं, पोत्यात भरून तिच्या दारात पोचवायचं, आणि हे चुकवलं तर भावाला गावात तोंड दाखवायला जागा नाही. माझ्या आईचं झाड मढला होतं, तिच्या माहेरी. मामा पोतं घेऊन यायचा तेव्हा आई त्याला पाणी द्यायच्या आधी पोत्यात हात घालून बघायची. मामाला राग यायचा. आता वाटतं, आई शहाणी होती.

डिंभ्याहून घोडेगाव, घोडेगावहून जुन्नर, जुन्नरहून घाटघरची एसटी. ती कधी येते हे कंट्रोलरलाही ठाऊक नसतं, त्यानं मला तसं सांगितलंसुद्धा. खिडकीशी बसले. आपटाळं मागं पडलं की पूर्वी वास बदलायचा. डोळे मिटून बसलेल्या माणसालाही कळायचं की आता वर आलो. चैत्रात राबाचा वास. आम्ही भाताचं रोप टाकायची जागा पालापाचोळा, ऐनाच्या डहाळ्या आणि शेण पसरून भाजायचो, त्याला राब म्हणतात. तो धूर कडू नव्हता. केसांत बसायचा, भाकरीत उतरायचा, आणि शाळेत गुरुजी म्हणायचे, "वरच्या गावची पोरं आली, खिडक्या उघडा." ते गुरुजी मला कधीच आवडले नाहीत. आता खिडकीतून डिझेलचा वास आला आणि एका हॉटेलातल्या चिकनचा. दोन्ही बाजूंना पाट्या. तंबू, टेरेस, स्विमिंग पूल. नाव निसर्गाचं आणि खाली सिमेंट.

हिरड्याचा हंगाम म्हणजे आमच्याकडं दिवाळीपेक्षा मोठा. माघात मोहोर यायचा. पिवळट, बारीक, वासाला फारसा बरा नाही, पण मधमाश्यांना तो आवडायचा आणि झाडाखाली उभं राहिलं की डोक्यावर सतत गुणगुण. मग चैत्रात बाळहिरडा. बाळ म्हणजे आत आठळी, म्हणजे बी, धरायच्या आधीचं कोवळं फळ. व्यापाऱ्याला तेच हवं असायचं. आठळी धरली की भाव पडला. बाबा लांब आकडी घेऊन झाडावर चढायचे, मी आणि आई खाली लुगड्याचं फडकं धरून उभ्या. वरून हिरडे पडायचे ते अंगावर, डोक्यावर, आणि बबन्या तेव्हा एवढासा, तो मुद्दाम फडक्यात येऊन बसायचा. मग वरच्या कातळावर वाळत घालायचे. हिरवे हिरडे दोन दिवसांत तपकिरी, चार दिवसांत काळे, मनुक्यासारखे सुरकुतलेले. राखण मी करायची. तोंडात एक धरून बसायची. तुरट, जीभ आक्रसून जायची. पण त्यावर झऱ्याचं पाणी प्यायलं की ते इतकं गोड लागायचं की मी दिवसभर पाणीच पीत राहायची.

बोटं काळी व्हायची. ती साबणानं जात नाहीत, चिंचेनं जात नाहीत, जेव्हा जायची तेव्हाच जातात. परीक्षेच्या पेपरावर माझ्या अंगठ्याचा डाग असायचा. पुढं डी.एड.ला गेले तेव्हा तिथल्या मुलीनं विचारलं, "तुझ्या घरी कोळशाचं दुकान आहे का?" मी तिला जे उत्तर दिलं ते इथं लिहीत नाही.

झरा वरच्या रानातच होता, माझ्या झाडाच्या बुडाशी. फाल्गुनातही वाहायचा, बारीक का होईना. त्याच्या वरच्या अंगाला कारवी. इतकी दाट की आत शिरलेली शेळी संध्याकाळी हाका मारून काढावी लागे. सात वर्षांनी फुलायची आणि फुलली की सगळा डोंगर जांभळा, आणि आई म्हणायची, लग्नाची मुलगी असेल त्यानं यंदा उरकून घ्यावं, पुढचा फुलोरा कुणी बघितलाय. पाऊस यायचा तो आठ-आठ दिवस सूर्य दाखवायचा नाही. पण कसा? बारीक, चिवट, धुक्यात मिसळलेला. कारवीच्या पानावरून पानावर, मग पाल्यावर, मग मातीत. आमच्या वाफ्यात पाणी यायचं ते गाळून आल्यासारखं स्वच्छ. आई तेच हंड्यात भरायची.

आता झाडाची गोष्ट. बाबांचा एक नियम होता. झाड कितीही लगडलेलं असो, सगळ्यात वरची फांदी उतरवायची नाही. "ती पाखरांची," म्हणायचे. "झाडाचं झाडाला ठेवावं." मी बारा वर्षांची असेन. त्या वर्षी माझ्या झाडाला तुफान फळ. बाबा उतरायला लागले, वरची फांदी तशीच. मी खालून ओरडले, "झाड माझं ना? मग फांदी पण माझी."

बाबा म्हणाले, "पोरी, पाखरांनी काय खावं?"

"पाखरांनी आपल्या भावाकडं जावं."

बाबा हसले. हसायला नको होतं. एक ठेवून द्यायला हवी होती. पण लेकीपुढं ते नेहमीच हरायचे. परत वर चढले आणि फांदी झोडपून दिली. त्या वर्षापासून दरवर्षी. माझ्या हक्काचं पूर्ण पोतं मी घेतलं, एक हिरडा सोडला नाही. लग्नानंतर बबनलाही तेच बजावलं, "वरच्या फांदीसकट. मी मोजून घेईन." मोजलं कधीच नाही, ती गोष्ट वेगळी.

एसटीतून उतरले. बबन आणि माझी भावजय सुमन फाट्यावर उभे होते. घरापर्यंत आता गाडी जाते असा रस्ता आहे, आणि तो तसाच पुढं वरच्या रानात चढतो. गेली कित्येक वर्षं मी यायची ती घरापर्यंतच. गुडघ्यांमुळं वरच्या रानात चढलेच नव्हते. या वेळी म्हटलं, चहा नंतर, आधी वर.

वर गेले. झाड नव्हतं.

सुरुवातीला मला वाटलं आपणच चुकीच्या जागी आलो. रस्त्याच्या कडेला डोंगर कापलेला, तांबडा, उघडा. त्यावरून खाली घसरलेल्या मातीची एक मोठी जीभ, तिच्यात दगड, मुळ्या, आणि गाजरगवत. कारवीच्या जागी घाणेरी. झरा जिथं होता तिथं एक सिमेंटचा पाइप, कोरडा. मी खाली वाकून पाइपात बघितलं, वेड्यासारखं. आत कोळ्याचं जाळं होतं.

"कधी?" मी विचारलं.

"चार वर्सं हून गेली," बबन म्हणाला. "पावसानं पाडलं, आक्का. एका दुपारात आभाळ फुटल्यावानी आला. दरड सुटली, झाडाला घिऊनच खाली गेली."

"पाऊस काय आज पडायला लागलाय? तुझ्या जन्माच्या आधीपासून पडतोय. तेव्हा कसं नाही पडलं झाड?"

"तवा असा पडत नव्हता. तवा झिरपायचा. आता पंधरा दिस तोंड दावत न्हाई आन मग एका दुपारी समदा वततो."

"आणि तेव्हा झाडाच्या बुडात पोकलेन घालून रस्ता कापला नव्हता."

बबन माझ्याकडं बघत राहिला. लहानपणापासून तो मला घाबरतो, पण त्या दिवशी घाबरला नाही. हळू म्हणाला, "रस्त्याच्या कागदावर सही कुनाची व्हती, आक्का?"

सही माझीच होती. जुन्नरच्या एसटी स्टँडबाहेर एका जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून केलेली. बबन म्हणाला होता, "गाडी दारापातूर यील. तुझे गुडघे दुखत्यात." मी वाचलंसुद्धा नव्हतं. आयुष्यभर पोरांना सांगितलं, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी? एसटी लागली होती, तिची घाई. कपाळ माझं.

तिथं उभी राहून मी बराच वेळ ठरवायला बघत होते की रागवायचं कुणावर. पावसावर रागवावं तर तो ऐकून घेत नाही. खरं सांगायचं तर नुसत्या त्या पावसानं काही झालं नसतं. उताराला कारवी धरून होती, हिरड्याची मुळं धरून होती, त्यांनी याहून माजलेला पाऊस पचवला असता. नुसत्या रस्त्यानंही कदाचित काही झालं नसतं. पूर्वीसारखा बारीक पाऊस असता तर दोन वर्षांत कापलेल्या जागी गवत धरलं असतं. पण एकानं दार उघडून दिलं आणि दुसरा आत शिरला. वर आता उघड्या मातीवर ऊन असं पडतं की माघातही थंडी टिकत नाही, आणि उरलेल्या झाडांचा मोहोर एका ढगाळ आठवड्यात खाली येतो. बबन म्हणतो पाऊस, मी म्हणते पोकलेन. दोघंही खरं बोलतो आणि दोघंही अर्धंच.

मग एकदम डोक्यात आलं. "थांब. झाड चार वर्षांपूर्वी पडलं. मग माझ्या दारात येत होतं ते काय होतं?"

बबननं सुमनकडं बघितलं. सुमन बोलली. "वन्सं, ते तुमच्या झाडाचं नव्हतं. हे जंगलात जायाचे, लई लांब, कड्याच्या अंगाला. कुनाकुनाच्या बांधावरचं मागून आनायचे. वंजळ वंजळ करून पोतं भरायचं. गेल्या साली बाळहिरडा फारसा घावलाच न्हाई, तर झाडांखाली पडलेला जून हिरडा येचून भरला. यंदा त्योबी न्हाई."

"चार वर्षं मला फसवलंत तुम्ही."

"तुमचा हक मोडू नये म्हनून केलं."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी काय केलं असतं?"

"भांडले असते."

"म्हनून न्हाई सांगितलं," सुमन म्हणाली, आणि पदर खोचून खाली चहा करायला निघून गेली. माझ्याशी भांडणात जिंकलेली ही दुसरी बाई. पहिली माझी सासू.

बबनला म्हटलं, "आणि आता उरलेलं पण सपाट करणार? वर अजून पाच-सहा हिरडे उभे आहेत, ऐन आहेत."

"मंग काय करू? हिरडा गेला. नाचणी डुकरं खात्यात. भाताला पानी हवं तवा येत न्हाई, नगं तवा वाफाच घिऊन जातं. पोरगं म्हनतंय तंबू लावू, त्येच्या पोरीच्या शाळेला तरी पैसं येतील. तू सांग, मी काय खाऊ? तुझ्या आठवनी?"

यावर मी जास्तच चिडले. त्याला नको नको ते बोलले. पेन्शन खाणारी बाई मी, महिन्याच्या महिन्याला पैसे जमा होतात, मला रान वाचवायला काय जातं? हेही त्यानं तोंडावर सांगितलं. चहा न पिताच निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघत दीड तास उन्हात बसले. सावलीला एक झाड नाही. पूर्वी तिथं आंबा होता. एक मोठी गाडी थांबली, आतल्या पोरानं काच खाली करून विचारलं, "मावशी, इथे धबधबा कुठे आहे?" मी सांगितलं, "वैशाखात? तुझ्या घरच्या नळाला." काच वर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंभ्याला माळ्यावरून पोती खाली काढली. सात होती. नोकरी होती तोवर मी हिरडा घोडेगावच्या दुकानात घालायची. नंतर कंटाळा केला. गरज नव्हती ना. पोतं आलं की शेजारणीला दाखवायचं, "माझ्या माहेरचं", आणि शिवलेल्या तोंडानं तसंच माळ्यावर टाकायचं. माझ्या आईनं मामाच्या पोत्यात हात घातला होता. मी सात वर्षं सुतळी उसवली नाही.

ओट्यावर ओळीनं उसवत गेले. पहिली तीन माझ्या झाडाची. ओळखू येतात. माझ्या झाडाच्या हिरड्याला एका टोकाला वाकडी चोच असायची, वाळला तरी राहायची. काळा, कुरकुरीत, एका झाडाचा, एका उन्हात वाळलेला. हातात घेतला आणि तोंडात टाकला. जीभ आक्रसली. डोळ्यांत पाणी आलं, ते हिरड्यामुळं असं समजा. चौथं पोतं मिसळ, लांबट, गोल, बारीक, कुठल्या कुठल्या झाडांचं. पाचव्यातले निम्मे बुरसलेले, म्हणजे वाळवताना अवेळी भिजले असणार. सहाव्यात तळाला नुसता बारीक गळलेला चुरा. आणि सातवं, गेल्या वर्षीचं, उसवलं तर वर दोन ओंजळी बाळहिरडा आणि खाली सगळे मोठे, पिवळे, जून हिरडे. व्यापारी ज्याला नाक मुरडेल असे. एक दगडावर फोडला. आत आठळी.

मी तिथंच बसले. म्हटलं एक झाड तरी लावावं, म्हणून पहिल्या तीन पोत्यांत हात घालून बघत राहिले, दुपार होईपर्यंत. एकात आठळी नाही. असणार कशी? बाळहिरडा तो. आम्ही तो आठळी धरायच्या आधीच उतरवायचो, आणि एक फांदी पिकायला राहायची तीही मी राहू दिली नाही. माझं झाड इतकी वर्षं फळलं आणि त्याच्या खाली एक रोप उगवलं नाही. बाबांना हे ठाऊक होतं. पाखरांचं नाव घेऊन ते दुसरंच सांगत होते, आणि बारा वर्षांची मी माझा हक्क मागत होते.

माझ्या झाडाची पोती तीन, आणि त्यात जीव नाही. भावानं फसवून आणलेल्यांतलं एक, आणि त्यात आहे.

जून हिरडे बादलीत टाकले. तरंगले ते बाजूला केले. तळाशी गेले ते एकतीस. ते उगवतील की नाही ठाऊक नाही. वर्षभर माळ्यावर पडलेत. पण पाण्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी काढले, फोडून आठळ्या काढल्या, पसरायला काही हाताशी नव्हतं, तर टेबलावर बबनचा कागद होता. तो खाली घातला. मग फोन लावला.

"बबन्या, वरच्या रानात खड्डे घे. एकतीस."

"कशापायी?"

"सांगते म्हणून. दरडीच्या वरच्या अंगाला घे, दोन ओळींत. पोकलेन नको, कुदळीनं."

"आक्का, हिरडा व्हायाला किती वर्सं लागत्यात ठावं हाय का? तवर आपुन दोघं नसू."

"मग घाई काय आहे? पोतं वेळेवर आणायची तुला सवय आहेच."

मागं सुमन भांडी घासत होती, तो आवाज येत होता. मग बबन म्हणाला, "आन सही?"

मी कागदाकडं बघितलं. आठळ्यांचं काळं पाणी सगळीकडं पसरलं होतं. माझं नाव छापलं होतं तिथं तर नुसता डाग.

"कागद भिजला," मी म्हटलं. "दुसरा आणलास तर तोही भिजेल. तंबू अंगणात लाव, वर नाही. आणि नीट ऐकून घे. झाडं मोठी झाली की वरच्या फांदीला हात लावायचा नाही. तुझ्या नातीला सांगून ठेव. मी मागितली होती असं ऐकून तीही मागेल, तरी तिला द्यायची नाही."